संकटात आत्मिक लढाई तुम्ही कशी लढता? मराठवाड्यातल्या भावाबहिणींनो, लिहा

जय ख्रिस्त.

आपल्याकडे साक्ष द्यायला माणूस उभा राहतो, "प्रभूने विजय दिला" म्हणतो आणि खाली बसतो. मधलं सगळं राहून जातं. मला ते मधलं ऐकायचंय. डोक्यावर कर्ज असताना, दवाखान्याच्या बाकावर रात्र काढताना, घरात एकमेकांशी बोलणं बंद असताना तुम्ही नेमकं काय केलंत? कोणतं वचन धरलं, सोबत कोण होतं? जे जमलं नाही तेही लिहा.

सैतानाशी होणाऱ्या या आत्मिक लढाईबद्दलचा, बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय संडे स्कूलपासून आपल्याला पाठ आहे. सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. पण ते लिहिणारा पौल स्वतः बेड्यांत होता, हे त्याच अध्यायाच्या 20व्या ओवीत आहे. आणि तिथे तो सुटकेसाठी प्रार्थना करा म्हणत नाही, धैर्यानं बोलता यावं म्हणून प्रार्थना करा म्हणतो. अडचणीतल्या माणसाचं पत्र म्हणून मी हा अध्याय वाचते.

एक विनंती. जाऊ, भावकी, मुकादम, दुसऱ्या धर्माचे शेजारी यांना सैतानाच्या बाजूचे ठरवून कुणी लिहू नका. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, हे 12व्या ओवीत स्पष्ट आहे. आलेली उत्तरं खाली जोडते; कंसातलं माझं.

परांडा तालुका, शेतकरी

2025च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आमचं सोयाबीन काढणीला आलं होतं. पाणी ओसरल्यावर रानात गेलो तर शेंगांतल्या दाण्यांना कोंब फुटलेले. नदीकाठच्या पट्ट्यात माती राहिलीच नाही, नुसता मुरूम उघडा पडला.

पीक गेलं ते गेलं, पण मला आतून खाल्लं रागानं. चुलतभावानं बांधाला चारी काढली म्हणून पाणी आमच्याकडं वळलं, असं डोक्यात बसलं होतं. रात्र-रात्र दारात बसून मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचो. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी हबक्कूकाचा तिसरा अध्याय काढून दिला. शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास पावेन. मी म्हणालो, उल्लास माझ्याच्यानं होणार नाही. ते म्हणाले, मग नुसतं मोठ्यानं वाच.

त्या मुरमावर उभं राहून वाचलं. रोज जाऊन वाचायला लागलो. मग भावाचं नाव घेऊन त्याच्यासाठी आशीर्वाद मागायचा, सुरुवातीला दात-ओठ खातच. त्याचंही तेवढंच गेलं होतं, हे मला तेव्हा कुठं दिसायला लागलं. गाळ ओढायला त्याचाच ट्रॅक्टर आला. कर्ज आहे तिथंच आहे, पण झोप लागते.

धारूर तालुका, ऊसतोड कामगार (लेकीनं लिहून दिलं)

मी शाळेत गेले नाही. मालक आन मी मिळून एक कोयता. दिवाळीच्या मागंपुढं कारखान्यावर जातो, उन्हाळा लागस्तोर कोपीत राहतो. पहाटं अंधारात फडात जायचं, गाडी भरायला कवा बी उठायचं. देऊळ (चर्च) लांब. खाडा केला की पैसे कापतेत. लेकीनं मोबाईलात वचन भरून दिलं, भाकरी थापताना लावते. 121वं स्तोत्र ऐकून ऐकून पाठ झालं. दिवसा सूर्याची बाधा होणार नाही, रात्री चंद्राची होणार नाही, असं हाय त्यात. आमच्या डोक्यावर दोन्ही असतंय. ते मला माझ्यासाठीच लिहिल्यावानी वाटतं.

मालक पितेत. पिऊन आले की मी आधी लेकरं शेजारच्या कोपीत देते, मग प्रार्थनेला बसते. शेजारीण आपल्या देवळातली नाही, पण रात्री कितीबी वाजता झोपडीचं दार उघडती. तिच्यासाठी बी प्रार्थना करते.

*(मावशी, आधी लेकरं, मग प्रार्थना, हेच बरोबर आहे. इतर बहिणींसाठीही लिहिते: मार सोसणं म्हणजे क्रूस वाहणं नव्हे. वेळ आलीच तर 112 ला फोन लावा, आणि तो लावताना विश्वास कमी पडला असं मनात आणू नका.)*

लातूर, निवृत्त शिक्षक

माझा अनुभव जुना आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. आमचं गाव किल्लारीच्या टापूतलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. ज्या घरांत आम्ही वाढलो त्यांनीच माणसं दाबली.

पुढं कितीतरी काळ मला छताखाली झोप येत नव्हती. मी मास्तर, दिवसा सगळ्यांना धीर द्यायचो आणि रात्री भांडं वाजलं तरी बाहेर पळायचो. तेव्हा 46वं स्तोत्र धरलं, ज्यात पृथ्वी ढळली, डोंगर समुद्रात बुडाले तरी आम्ही भिणार नाही असं आहे. भीती वाटत असतानाच म्हणायचो. एकट्यानं जमेना म्हणून पत्नी एक ओवी म्हणायची आणि मी पुढची.

पण त्या दिवसांतली खरी लढाई निराळी होती. हे पापाचं फळ आहे, असं सांगणारे सगळीकडून आले, आपल्यातलेही आले. त्यांना मी लूक 13 दाखवायचो. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं समजू नका, हे प्रभू येशूचे शब्द आहेत. ज्यांची लेकरं मातीखाली गेली त्यांच्या अंगावर दोष टाकणं, ते काम दोष देणाऱ्याचं आहे, आणि पवित्र शास्त्रात दोष देणारा म्हणून सैतानाची ओळख आहे, हे आपल्याला माहीत आहे.

छत्रपती संभाजीनगर, नर्स

सरांचं वाचून लिहायचं धाडस झालं. मला नैराश्याचा आजार आहे. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रार्थना करणाऱ्यांनी सांगितलं की हा दुष्ट आत्मा आहे, गोळ्या म्हणजे अविश्वास, बंद कर. स्वतः नर्स असूनही मी डळमळले, कारण त्या अवस्थेत माणूस कुणाचंही ऐकतो. आमच्या पाळकबाईंना कळलं, तशा त्या घरी आल्या. त्यांनी 1 राजे 19 वाचला. रतामाच्या झाडाखाली एलीया संदेष्टा देवाला म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही. देवदूत त्याला उठवतो, भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, परत झोपतो. परत उठवून परत खायला. देवाची वाणी होते ती त्यानंतर, होरेब डोंगरावर.

बाई म्हणाल्या, गोळी घेताना आभार मान आणि घे. आता रात्री गोळ्यांच्या डब्याशेजारीच पवित्र शास्त्र ठेवते. "तू ओझं आहेस" हा आवाज येतो, अजूनही येतो. तेव्हा मी मोठ्यानं उत्तर देते, आणि बाईंना मिस कॉल देते. दोन्ही करते.

*(ताई, आभार. कुणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. फोनही करा आणि प्रार्थनेलाही सांगा.)*

नांदेड

मी वेगळं लिहिणार आहे. माझी बायको कॅन्सरनं गेली. साखळी उपवास झाले, तेल लावून प्रार्थना झाल्या, प्रार्थनेत शत्रूला, म्हणजे सैतानाला, बांधलं, तिला मोकळं केलं, सगळं केलं. ती गेल्यावर एकानं विचारलं, घरात कबूल न केलेलं काही होतं का? त्यानंतर मी चर्चला गेलेलो नाही.

मला 88वं स्तोत्र तेवढं वाचता येतं. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठे उजेड येत नाही. असं स्तोत्र देवानं आपल्या ग्रंथात राहू दिलं, एवढ्यावर मी टिकून आहे. मी रोज त्याच्याशी भांडतो. ह्याला लढाई म्हणता येत असेल तर ही माझी.

*(दादा, येते, आणि इथे तुमच्यावर कुणी वचनं फेकणार नाही. ते स्तोत्र लिहिणाराही रोज हाक मारत होता, उत्तर नसताना.)*

जालना

आमचं थोडक्यात. आम्ही दोघी मैत्रिणी पहाटे पाचला फोनवर इफिस 6 म्हणून एकमेकींसाठी प्रार्थना करतो. एखादीला बोलवेना, तर दुसरी तिच्या वतीनं बोलते.

वसमत

नांदेडच्या दादांसाठी लिहितो. बायबलातल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं तिथून बिघडलं. माझं हळदीच्या कामानं नांदेडला येणं असतं. चर्चला चला म्हणणार नाही. जेवण कुठं करता, एवढं सांगा, डबा घेऊन येतो.