फॅट बॉडीतलं जीन एक्सप्रेशन खरंच फॅट बॉडीतलंच आहे हे कसं ठरवायचं? मदत हवी आहे

फळमाश्यांवर काम करणारं इथे कोणी असेल तर प्लीज वाचा. एका जीनच्या मागे आहे (नाव आत्ता देत नाही, काम अजून छापलेलं नाही). सीजी-गॅल४ ड्रायव्हर (जीन कुठल्या टिश्यूत दाबायचा ते ठरवणारा) वापरून फॅट बॉडीत (माशीचा चरबी साठवणारा टिश्यू) आरएनएआयने (जीनचा एमआरएनए कापायची पद्धत) तो दाबला की प्रौढ माद्या उपाशी ठेवल्यावर कंट्रोलपेक्षा लवकर मरतात. दरवेळी तेच दिसतं, त्यामुळे फिनोटाइपबद्दल शंका नाही, शंका टिश्यूबद्दल आहे.

अख्ख्या माशीचा आरएनए काढून क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) केलं तर जीन कमी झालेला जवळजवळ दिसतच नाही. कारण कळतंय, फ्लायअ‍ॅटलस २ मध्ये (कुठल्या टिश्यूत कुठला जीन किती चालू आहे त्याचा डेटाबेस) हाच जीन मिडगट (मधलं आतडं) आणि मालपीगियन ट्यूब्यूल्समध्येही (मूत्रपिंडासारख्या नळ्या) भरपूर दिसतो, मग फॅट बॉडीतली घट त्यात बुडून जाते. म्हणून पोट उघडून आतडं, अंडाशय, ट्यूब्यूल्स सगळं बाहेर काढलं आणि उरलेल्या कार्कसचा (रिकाम्या धडाचा) आरएनए घेतला. आता घट दिसते पण अर्धवट. अळीत फॅट बॉडीची पांढरट पट्टी चिमट्यात सरळ उचलता येते, प्रौढ माशीत मात्र ती क्युटिकलला (बाहेरच्या कवचाला) आतून चिकटलेला पातळ थर असते, ओढली की तुकडे होतात आणि सोबत स्नायू, एपिडर्मिस, ईनोसाइट्स (यकृतासारखं काम करणाऱ्या पेशी) सगळंच येतं. मग उरलेला सिग्नल आरएनएआय कमी पडल्याचा की या शेजारच्या पेशींचा, हे वेगळं कसं करायचं?

दुसरी अडचण मला जास्त छळतेय. सीजी-गॅल४ हिमोसाइट्समध्ये (माशीच्या रक्तपेशींत) पण चालू असतो, म्हणजे माश्या लवकर मरतात ते फॅट बॉडीमुळे की रक्तपेशींमुळे हे आत्ता मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ब्रँड आणि पेरिमननी १९९३ साली गॅल४-युएएस पद्धत (ड्रायव्हर गॅल४ बनवतो, तो युएएस जोडलेला जीन चालू करतो) माशीत आणली तेव्हापासून ड्रायव्हरचा ढीग झालाय, पण जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) लावून अख्ख्या माशीत पॅटर्न स्वतः बघितल्याशिवाय कुठल्याही ड्रायव्हरला "स्पेसिफिक" म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. आता विचार असा आहे की एचएमएल-गॅल४ने फक्त हिमोसाइट्समध्ये जीन दाबून बघायचा आणि सोबत आर४-गॅल४ने फॅट बॉडीतला फिनोटाइप परत येतो का ते तपासायचं. एवढं पुरेल का, की रिव्ह्यूअर अजून काही मागतील?

अळीपासूनच जीन दबलेला नको म्हणून गॅल८०टीएस (गॅल४ला रोखणारं, पण गरम झालं की बंद पडणारं प्रोटीन) पण घालायचाय. १८ अंशांवर वाढवायच्या, प्रौढ झाल्या की २९ ला न्यायच्या, म्हणजे गॅल८० निष्क्रिय होऊन गॅल४ सुटतो. पण २९ ला माश्यांचा चयापचयच वाढतो आणि उपाशी माश्या तशाही लवकर संपतात. त्याच गॅल८० आणि ड्रायव्हरसोबत मचेरी आरएनएआय (माशीत नसलेल्या जीनवरचा) असलेला कंट्रोल २९ लाच ठेवणार आहे, तरी फरक त्या घाईत झाकला जाईल अशी भीती वाटते. उपासाच्या वेळी २५ ला आणलं तर गॅल८० परत दाबायला लागतो का? कोणी प्रत्यक्ष करून बघितलं असेल तर नक्की सांगा.

आणि रेफरन्स जीन (ज्याच्या तुलनेत बाकी जीन मोजतात). सगळे आरपी४९ वापरतात पण तो रायबोसोमल प्रोटीनचा जीन आहे, आणि उपाशी माशीत टॉर सिग्नलिंग (पोषण मिळालं की वाढीचा इशारा देणारी यंत्रणा) मंदावलं की रायबोसोम बनवणंच कमी होतं, मग त्यावर नॉर्मलाइज करणं मला पटत नाही. ट्युब्युलिन, अ‍ॅक्टिन जोडीला घेतलं तर चालेल का, उपासात स्थिर राहणारं दुसरं काही सुचतंय का?

फ्लाय सेल अ‍ॅटलसवाल्यांनी (माशीच्या पेशींचा नकाशा, २०२२) पेशींऐवजी न्यूक्लिआय (पेशींची केंद्रकं) घेतले कारण प्रौढ फॅट बॉडी, ईनोसाइट्स अशा क्युटिकलला चिकटलेल्या टिश्यूतून पेशी धड सुट्या होत नाहीत. तोच धागा पकडून आर४-गॅल४ने न्यूक्लिआयवर जीएफपी लावून ते सॉर्ट करावे आणि त्यातून क्यूपीसीआर करावं असं वाटतंय, पण न्यूक्लिअसमध्ये आरएनए मुळात कमी आणि आरएनएआय तर मुख्यतः सायटोप्लाझममध्ये एमआरएनए कापतो, मग खरी घट तिथे दिसेल तरी का? त्यापेक्षा आरपीएल१०ए-जीएफपी (रायबोसोमच्या प्रोटीनला जोडलेला जीएफपी) लावून रायबोसोमसोबतचा एमआरएनए ओढून काढणं बरं का? ज्यांनी दोन्हीपैकी काहीही प्रौढ फॅट बॉडीवर केलंय त्यांनी कृपया किती माश्यांपासून सुरुवात केली आणि स्नायूंचे मार्कर जीन्स किती शिल्लक राहिले तेवढं सांगा, त्यावरच पुढचे क्रॉसेस लावायचे आहेत.