"चित्रं काढून पोट भरतं का?" घरच्यांना कसं पटवलंत?

रेघोटी
परवा भाचीने घरात जाहीर केलं की तिला ॲनिमेशन शिकायचंय. ताईने लगेच मला फोन लावला, "तूच समजाव हिला." काय समजवायचं ते ताईने गृहीतच धरलेलं! मी इतकी वर्षं स्टोरीबोर्ड, म्हणजे शूटिंगआधी दृश्यांची चौकटीचौकटीतली चित्रं, काढून घर चालवतेय, तरीही.

एकदम आमचे बाबा आठवले. त्यांचा चित्रांना विरोध नव्हताच. फ्रेम करून बैठकीत लावायचे, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे. फक्त "हे सगळं फावल्या वेळात हं". भांडून झालं, रडून झालं, ढिम्म. मग एकदा माझ्याकडे राहायला आले, तेव्हा एका जाहिरातीचा बोर्ड चालू होता. दिग्दर्शकाचा फोन आला, मुलगी दारातून आत येते त्या चौकटीत कॅमेरा खालून हवा. पुसलं, नव्याने काढलं. पुन्हा फोन, नको, आधीचंच बरं होतं. बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "म्हणजे तुलाही साहेब आहे तर!" काय हायसं वाटलं त्यांना! कलाकार म्हणजे लहर लागली की ब्रश उचलणारा, एवढंच डोक्यात. मुदत, बदल, बिल, साहेबाची बोलणी हे सगळं दिसलं आणि गाडी रुळावर आली.

तुमच्याकडे कोण पटलं, कसं? न पटलेलेही लिहा. भाचीला वाचायला देणार आहे.

तिरपागडे
आमच्याकडे अजून पटलेलं नाही. पुढचा प्रश्न विचारा.

धाधिंना
"तबला वाजवता ते ठीक, पण करता काय?" इति होणारे सासरे. मी हिशेबाची वही पुढे ठेवली. शिकवण्या, साथ, रेकॉर्डिंग, सगळे वेगळे रकाने. लोकांना वाटतं मैफलींवर चालतं, पण दरमहा घर चालवतात त्या शिकवण्या. सासरे मुरलेले अकाउंटंट. चष्मा लावून पानन् पान पाहिलं आणि म्हणाले, "कमाई बरी आहे, उधारी फार आहे." आता थकलेल्या पैशांसाठी तेच फोन करतात. आयोजक टरकून असतात.

पानगळ
सासरे असावेत तर असे!!

जुनापुराणा
थोरामोठ्यांचे दाखले द्यावेत. रशियन चित्रकार कॅन्डिन्स्कीने 1896 साली, ऐन तिशीत, कायद्याची प्राध्यापकी नाकारली आणि म्युनिकला जाऊन चित्रकला शिकायला बसला. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचा ऑपेरा (संगीतनाट्य) 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसला झाला, त्यानंतरही तो काही काळ टॅक्सी चालवत होता. चिकाटी लागते.

पानगळ
@जुनापुराणा, ही चूक करू नका. मी ग्लासचं घरी सांगितलं. आईने त्यातलं "टॅक्सी" तेवढं ऐकलं.

सईचीआई
मी पलीकडच्या बाजूची, म्हणजे न पटणारी आई. फोनवरून लिहितेय, चुका पोटात घाला. मुलगा नाटकांची प्रकाशयोजना करतो. आम्हाला धास्ती पगाराची नव्हती, आजारपणाची होती. हात मोडला तर कोण बघणार? कामावर गेलं तरच पैसे ना. त्याने वाद घातला नाही. आरोग्य विमा काढला, सहा महिन्यांचा खर्च वेगळा टाकला आणि मगच नोकरी सोडली. नंतर एकदा तालमीला घेऊन गेला. नट नुसते इकडून तिकडे चालत होते, हा अंधारात संहितेच्या समासात पेन्सिलीने क्यूचे, म्हणजे दिवा कधी बदलायचा त्या खुणांचे, आकडे टाकत होता. एका वाक्यावर दिवा मंद व्हायचा तर तो वाक्याच्या आधी, वाक्यावर की नंतर, यावर इतका वेळ घालवला की मला डुलकी लागली. पण घरी येताना त्याच्याशी वाद घालावासा वाटला नाही.

मुलीचं वेगळंच, तिला सीए व्हायचंय, त्याचंही टेन्शन. असो, दूध उतू गेलं, पळते.

निळीशाई
आमचे आजोबा म्हणायचे, "नोकरी नाही तर नाही, पण मागे काय ठेवशील?" त्यांना कॉपीराइट समजावला. मूळ चित्र विकलं म्हणजे ते छापायचा हक्क विकला असं होत नाही, तो वेगळा लिहून द्यावा लागतो. आणि बर्न करारातल्या (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) देशांत चित्रकार गेल्यावरही किमान 50 वर्षं वारसांना तो हक्क राहतो. आजोबा एकदम सावरून बसले. "म्हणजे इस्टेटच की!" इस्टेटीतून अजून दमडी आलेली नाही, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

भाचीला एक सांगा, करारातली बारीक अक्षरं वाच. "सर्व हक्क कायमस्वरूपी" दिसलं की थांब.

अर्धविराम
माझा उलटा अनुभव. घरचे पटले होते, मीच नाही. दर महिन्याला पुढचं काम शोधायचं हे माझ्या स्वभावात बसेना. आता ऑफिस, आणि रविवारी शिल्पं. गिऱ्हाईक नाही म्हणून नाकं हवी तशी वाकडी करता येतात. हेही भाचीला कळू द्या.

रेघोटी
@अर्धविराम, मुद्दाम दाखवते. वाकड्या नाकांचे फोटो टाका की!

तिरपागडे
घरच्यांचं सोडा, ओळखीच्यांचं काय करायचं? "तुझं तर दोन मिनिटांचं काम" म्हणून लोगो मागतात, मग महिनाभर "जरा पॉप होईना". मी हल्ली कोटेशनमध्येच लिहितो, अर्धे पैसे आधी, दोन बदल फुकट, तिसऱ्यापासून मीटर. निम्मे तिथेच गळतात. आत्या बोलायची बंद झालीये.

पानगळ
अवांतर: पेन टॅब्लेटने मनगट फार दुखतंय. कोणी काही उपाय केलाय?

निळीशाई
टॅब्लेट तिरका ठेव, मनगटाऐवजी खांद्यातून रेघ ओढ. तरी राहिलं नाही तर फिजिओकडे जा, अंगावर काढू नकोस.

तिरपागडे
@धाधिंना, सासरेबुवा बाहेरची वसुली घेतात का? एक लोगोवाला फोन उचलत नाहीये.

धाधिंना
विचारलं. म्हणाले, अर्धे पैसे आधी.