प्रतिसाद: स्प्रिंग बदलल्यावर टायर आतूनच का झिजतो

भाऊ, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग) टाकल्यापासून स्विफ्टचे पुढचे टायर आतून झिजायलेत अन् अलाइनमेंटवाला (चाकांचे कोन जुळवणारा) सगळं ओके म्हणतो असं लिहिलंय तुम्ही, माझ्या गाडीचं डिट्टो हेच झालतं. इथं लातूरला दोनदा अलाइनमेंट केली, दोन्ही वेळेस नुसता टो (वरून बघितलं तर चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत तो कोन) सेट करून दिला, कारण मॅकफर्सन स्ट्रटवाल्या (स्प्रिंग अन् शॉकअप एकाच खांबात असलेल्या) बऱ्याच गाड्यांत कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय तो कोन) फिरवायची सोयच नसते. गाडी खाली बसली की चाक वरून आत झुकतं, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, पण सोबत टो पण हलतो अन् आतली कड खरी तोच खातो.

स्ट्रट अन् नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणारे दोन बोल्ट असतात, त्यातल्या वरच्याच्या जागी कॅम्बर बोल्ट टाका. मधे बारीक अन् एका अंगाला फुगीर असतो तो, फिरवला की चाक वरून दीडेक अंश आत-बाहेर होतं. आधी कॅम्बर मग टो, उलटं केलं तर टो परत करावा लागतो. डावं-उजवं सारखं ठेवा नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. अन् बोल्ट टॉर्क रेंचनंच (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानंच) आवळा भाऊ, आपल्याकडच्या खड्ड्यात सैल बोल्ट सरकलाच समजा.