नव्या गुळगुळीत रस्त्यावर घसरले. रस्ता ‘चांगला’ आहे हे नेमकं ठरवतात कशावरून?

रोजची_स्कूटरवाली

सहा वर्षं त्याच रस्त्याने कामावर जाते आहे. रस्ता खडबडीत होता, दोन-तीन खड्डे होते, ते चुकवत जायची सवय झाली होती. त्या वळणावर एकदाही तोल गेला नाही. गेल्या महिन्यात रस्ता नव्याने झाला. काळाभोर, एकसारखा. आता पाठदुखी थांबेल असं मीच घरी आनंदाने सांगितलं होतं.

तीन आठवड्यांनी, भुरभुर पाऊस असताना, वेग तीसच्या आसपास. वळणाच्या तोंडाशी ब्रेक जरासा दाबला आणि पुढचं चाक सरकलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. मागची गाडी वेळेत थांबली, म्हणून आज हे लिहिते आहे.

एक गोष्ट मनातून जात नाही. पडताना तळहात रस्त्यावर टेकला आणि हातभर घासत गेला. कातडी सोलून निघायला हवी होती, पण साधं खरचटलंही नाही. ओल्या फरशीवरून हात फिरवावा तसं वाटलं.

तक्रार केली. उत्तर आलं: ‘रस्ता नवीन व सुस्थितीत आहे, वाहन सावकाश चालवावे.’ टायर चार महिन्यांपूर्वीचे आहेत, हवा बरोबर होती. नवा रस्ता जुन्यापेक्षा घसरडा असू शकतो का? आणि जाणकार लोक रस्ता पाहतात तेव्हा काय पाहतात?

लांबपल्ला

ताई, आधी हाड नीट जुळू द्या, हात वापरायची घाई करू नका.

बावीस वर्षं ट्रक चालवतो आहे. नवं डांबर आणि त्यावर पहिला पाऊस दिसला की मी पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवतो. हे कुणी शिकवलं नाही, एकदा भरलेली गाडी तिरकी झाली तेव्हा कळलं. जुन्या रस्त्यावरही बऱ्याच दिवसांनी पाऊस पडला की पहिला अर्धा तास वाईट. धूळ, तेल, टायरचा चुरा यांचं पाण्यात चिखलासारखं होतं आणि मोठी सर येऊन धुऊन नेईपर्यंत ते तसंच राहतं.

तुम्हाला एक विचारतो. पाणी नेमकं कुठे थांबतं? वळणात, की वळण सुरू व्हायच्या थोडं आधी?

खडीवाला

ताई, तुमच्या तळहाताने जे सांगितलं ते सांगायला आम्ही यंत्र वापरतो. मी २९ वर्षं रस्त्याच्या साहित्याच्या प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: हो, नवा रस्ता जुन्यापेक्षा घसरडा असू शकतो.

रस्त्याची पकड दोन गोष्टींवर असते. एक, खडीच्या अंगावरचा बारीक खरखरीतपणा, जो डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतो. टायरचं रबर धरतं ते याला. दुसरी, खडी आणि खडी यांच्यामधल्या फटी. चाकाखालचं पाणी या फटींतून बाजूला पळतं. फटी नसतील तर वेग वाढल्यावर रबर आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो.

रस्ता नवा असतो तेव्हा प्रत्येक खड्यावर डांबराचा पातळ थर चढलेला असतो. खडी कितीही चांगली असली तरी टायरला ती लागतच नाही, लागतं ते डांबर. वाहतुकीने हा थर झिजून दगड उघडा पडायला काही आठवडे लागतात, वर्दळ कमी असेल तर काही महिने. डांबर प्रमाणाबाहेर पडलं असेल तर आणखी वाईट, कारण उन्हात ते वर येतं आणि फटीच बुजवतं. रस्ता आरशासारखा चमकतो आणि लोक म्हणतात, काय सुंदर रस्ता झालाय!

आता मोजायचं कसं. फटींची खोली मोजायची रीत इतकी साधी आहे की मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी तीच दाखवायचो. ५० मिलिलिटर बारीक कोरडी वाळू घ्यायची, कोरड्या स्वच्छ रस्त्यावर ओतायची आणि रबर लावलेल्या चकतीने गोल गोल पसरत जायची. वाळू फटींत भरत जाते. आणखी पसरेनाशी झाली की वर्तुळाचा व्यास मोजायचा. २५ सेंटिमीटर आला तर सरासरी खोली १ मिलिमीटर. ३५ आला तर अर्धा मिलिमीटर. वर्तुळ जितकं मोठं, तितका रस्ता गुळगुळीत. (कृपा करून हे चालू रस्त्यावर स्वतः करू नका. वाहतूक अडवल्याशिवाय आम्हीही कधी केलं नाही.)

बारीक खरखरीतपणासाठी पेंड्युलम असतो. लंबकाच्या टोकाला रबराचा तुकडा, तो ओल्या रस्त्याला घासून पलीकडे जातो. पकड चांगली असेल तर लंबक कमी वर चढतो. मोठ्या रस्त्यांसाठी चालत्या गाडीला तिरकं चाक लावून, त्याच्यापुढे पाणी सोडत मोजतात. ब्रिटनने १९८८ साली आपल्या मुख्य रस्त्यांसाठी पकडीच्या पातळ्या ठरवल्या. त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे सगळ्या रस्त्याला एक आकडा नाही. सरळ भागाला कमी चालतो. वळण, चौक, पादचाऱ्यांचं क्रॉसिंग इथे जास्त लागतो. आकडा खाली गेला की जागेवर जाऊन तपासणी करायची.

मग ‘सुस्थितीत’ म्हणजे काय? तो शब्द बहुतेक वेळा खडबडीतपणाच्या निर्देशांकावरून येतो. गाडीचं सस्पेन्शन दर किलोमीटरला किती हलतं, याचा तो आकडा. १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगांतून तो घडला आणि आज जगभर वापरतात. उपयोगी आहे, पण तो धक्के मोजतो. चाक रस्ता धरतं की नाही, हे त्यात कुठेच येत नाही.

प्रश्न_पडला

काका, म्हणजे खड्डे असलेला जुना रस्ता बरा म्हणायचं का?

खडीवाला

मुळीच नाही. खड्डा माणसं मारतो. दुचाकीवाला तो चुकवायला जातो आणि मागच्या गाडीसमोर येतो.

खड्डा डांबराच्या कमीपणाने पडतो असं लोकांना वाटतं. पडतो पाण्यामुळे. भेगेतून पाणी आत जातं, खालचा थर मऊ होतो, वरून चाक गेलं की ते पाणी दाबाने बारीक माती घेऊन बाहेर येतं. अशा पोकळीवर डांबर किती दिवस टिकणार? रस्ते बांधणारा स्कॉटिश अभियंता जॉन मॅकॅडम याने दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं: ओझं पेलते ती खालची कोरडी जमीन, वरचा थर फक्त तिला कोरडं ठेवण्यासाठी. रस्त्यातला अर्धा पैसा गटाराला द्यावा असं मी नोकरीभर म्हणत आलो.

आणि बुजवायचा तर नीट बुजवा. कडा सरळ उभ्या कापून चौकोन करायचा, सुटं सगळं काढायचं, कोरडं करायचं, बुडाला आणि कडांना टॅक कोट (नवा माल चिकटावा म्हणून डांबराचा पातळ हात) मारायचा, थरांनी भरायचं, दाबायचं, शेवटी सांधा डांबराने बंद करायचा. माल गरम असतानाच दाबला पाहिजे, ८० अंशांच्या खाली गेला की रोलर कितीही फिरवा, आतल्या पोकळ्या तशाच राहतात. पाणी भरलेल्या खड्ड्यात फावड्याने ओतलेला माल मी एका पावसात निघून गेलेला पाहिला आहे. त्याच खड्ड्यात मग पुन्हा ओतला.

लांबपल्ला, तुमच्यासाठी: १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले होते. त्यातून कळलं की एका आसावरचं ओझं दुप्पट केलं तर रस्त्याचं नुकसान जवळपास १६ पट होतं.

लांबपल्ला

माहीत आहे, काका. जास्त भरायला आम्हाला कुणी भाग पाडतं तेही माहीत आहे. तो वेगळा धागा होईल.

रोजची_स्कूटरवाली

काल पाऊस थांबल्यावर भावाला घेऊन फुटपाथवरून पाहून आले. दादा, तुम्ही विचारलंत ते बरोबर निघालं. वळणात पाणी नाही. वळण सुरू व्हायच्या वीसेक पावलं आधी माझ्या बाजूला पातळ तवंगासारखं पाणी होतं, दिव्याचं प्रतिबिंब पडेल इतकं सपाट. माझी बाजू म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाची. मी ब्रेक दाबला तो तिथेच.

खडीवाला

आता चित्र पूर्ण झालं.

सरळ रस्ता मधे उंच, दोन्हीकडे उतरता. वळणावर मात्र सगळा रस्ता आतल्या बाजूला कलता हवा. म्हणजे बाहेरच्या अर्ध्या भागाचा उतार वळणाआधी उलटा फिरवावा लागतो. बाहेरचा उतार आतला होताना मधे एक जागा अशी येतेच, जिथे आडवा उतार शून्य. तिथे रस्त्याला लांबीच्या दिशेनेही उतार नसेल तर पाण्याला जायला वाट नाही. चांगला अभियंता ती जागा हेरून लांबीचा उतार ठेवतो. जुन्यावर नवा थर चढवताना पूर्वीचा उतार तपासला नाही तर ती सपाट जागा लांबते. जुन्या रस्त्याच्या फटींत थोडं पाणी मावत तरी होतं.

वेगमर्यादा

मी रस्त्यांचं सुरक्षा-परीक्षण करते. काकांच्या म्हणण्यात भर घालायची आहे, थोडा मतभेदही आहे.

पृष्ठभाग सुधारला की वेग वाढतो, हे परीक्षणात आधीच धरावं लागतं. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून नवा थर टाकताना वळणाचा फलक, कडेच्या पट्ट्या, साइडपट्टी यांचंही काम त्याच दिवशी व्हायला हवं. नवा थर चढला आणि साइडपट्टी तशीच राहिली तर कडेला पायरी तयार होते. चाक खाली उतरलं की चालक घाबरून हँडल वळवतो, चाक पायरीला घासत राहतं आणि वर चढताच गाडी समोरच्या लेनमध्ये जाते. कड सुमारे ३० अंशांत उतरती दाबून घेतली की हे टळतं. त्याला वेगळं यंत्र लागत नाही, पेव्हरला, म्हणजे डांबराचा थर पसरणाऱ्या यंत्राला, एक साधी जोडपट्टी लागते.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ स्वीकारलं. माणूस चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मरण असू नये, ही त्यामागची धारणा. ताईंना आलेलं उत्तर, ‘सावकाश चालवावे’, याच्या बरोबर उलट आहे. जगात रस्त्यांवर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, त्यांतली निम्म्याहून जास्त पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर असतात. बंद गाडीत बसून केलेल्या पाहणीत ही माणसं दिसत नाहीत.

मतभेद इतकाच की पकड वाढवली म्हणजे काम झालं असं मी मानत नाही. वेगही खाली आणावा लागेल.

खडीवाला

मान्य आहे. तरी हिशेब पाहा: ताशी ५० वेगाने ब्रेक लागल्यापासून ०.७ पकडीवर (हा घर्षणाचा आकडा, जितका मोठा तितकी पकड जास्त) गाडी १४ मीटरांत थांबते, ०.३५ वर २८ लागतात. वेग खाली येईपर्यंत त्या १४ मीटरांत कुणीतरी रस्ता ओलांडत असतं.

रोजची_स्कूटरवाली

दुसरं पत्र आज दिलं. पेंड्युलमने पकड मोजा, त्या सपाट जागेचा उतार तपासा, तोवर ‘ओला रस्ता घसरडा’ असा फलक लावा. सोबत पाण्याचे फोटो. दुपारी तिथल्या एका तरुण अभियंत्याचा फोन आला, शनिवारी जागेवर येतो म्हणाले. हात गळ्यात आहे, तरी जाणार आहे. काका, त्यांना काय सांगू?

खडीवाला

मोजायची जागा तुम्ही दाखवा. चारचाकींची चाकं जिथून जातात त्या दोन पट्ट्यांत डांबराचा थर लवकर निघतो, तिथे आकडा बरा येईल. दुचाकी त्या पट्ट्यांच्या मधून किंवा कडेने जाते आणि तिथे थर अजून तसाच असतो. पट्टीत एकदा, मधे एकदा आणि तुमचा हात टेकला तिथे एकदा, तिन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. आकडा कमी आला तर उपाय आहेत: जास्त दाबाच्या पाण्याने थर काढता येतो, किंवा वळणापुरती भाजलेल्या बॉक्साइटची (हे एक खनिज, भाजलं की फार कठीण होतं) कच रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, चिकटवता येते. पण उतार चुकला असेल तर आधी उतार.