मदत हवी आहे: सैन्यभरतीची तयारी, कॉलेज, मिनिएचर वॉरगेमिंग आणि सिगार. यातलं काय सोडू?

सहा पडले

नमस्कार मंडळी,

इतके दिवस वाचनमात्र होतो. आज धागा काढतोय, कारण घरी विचारलं तर "आधी ती बाहुली उचल टेबलावरून" असं उत्तर येतं आणि क्लबात विचारलं तर "पुढची गेम कधी?" असा उलटा प्रश्न. दोन्हीकडचं ऐकून माझं भागत नाही.

कॉलेजचं दुसरं वर्ष चालू आहे. पदवी हातात पडली की अधिकारी म्हणून सैन्यात जायचं हे ठरलंय, त्यामुळे "आधी नक्की काय हवंय ते ठरव" हा सल्ला कृपया वाचवा. लेखी परीक्षेची फारशी भीती नाही, मुलाखतीचं बघू. २.४ किलोमीटरची धाव मात्र छळते. पहिला निम्मा भाग मस्त जातो, मग छातीचा भाता होतो आणि वेळ घसरते.

आता छंद. पहिला मिनिएचर वॉरगेमिंगचा. माहीत नसणाऱ्यांसाठी: २८ मिलिमीटरचे सैनिक. सुटे भाग प्लास्टिकच्या स्प्रूवरून (ते ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून) कापायचे, साच्याची रेघ खरवडायची, चिकटवायचे, प्रायमर म्हणजे रंगाखालचा पहिला थर मारायचा, रंगवायचे आणि मग टेबलावर टेकड्या, झाडं, पडक्या भिंती मांडून फासे टाकत लढायचं. माझी फौज नेपोलियनच्या काळातली, प्रशियन. एकेका बटालियनला दोन-तीन डझन माणसं लागतात, आणि घोडेस्वार अजून नुसते प्रायमर मारून पडलेत. क्लबात कॅम्पेन सुरू आहे, म्हणजे एका लढाईचा निकाल पुढच्या लढाईत धरतात. मध्येच दांडी मारली की समोरच्याचाही विरस होतो. एक गेम म्हणजे मांडामांड, खेळ, आवराआवर आणि "इथून तो दिसतो की नाही" यावरचे वाद धरून अख्खा रविवार. वर रंगकाम. ब्रश हातात घेतला की रात्रीचा एक कधी वाजतो कळत नाही.

दुसरा छंद सिगार. हो, माहितेय. क्लबातली मोठी मंडळी गेम संपल्यावर बाहेर बसतात, तिथे गोडी लागली. सिगरेट कधी ओढली नाही. आठवड्याला एखादा रोबुस्तो (आखूड, जाड सिगार), कधी दोन. धूर छातीत घेत नाही, तोंडातच खेळवून सोडतो. छोटा ह्युमिडॉर आहे, म्हणजे सिगार ओलसर ठेवणारी पेटी. कुठलं पान बाहेर गुंडाळलंय, आतलं मिश्रण कसलं, चव अर्ध्यावर कशी बदलते, यात मला खरोखर रस आहे. पोझ म्हणून ओढत नाही. (तंबाखू विकत घेण्याचं कायद्यातलं वय उलटलंय, त्यावरून धागा भरकटवू नका.)

तर प्रश्न असा की सोमवारची धाव हमखास जड जाते. ती सिगारमुळे, जागरणामुळे, की दिवसभर टेबलाभोवती उभं राहिल्यामुळे? धूर आत घेत नसलो तरी दमावर परिणाम होतो का? आणि पदवी होईपर्यंत हे सगळं निभवायचं तर काय ठेवू, काय सोडू? फौज विकून टाकायचाही विचार आला. जाहिरात लिहून ठेवलीय, टाकलेली नाही.

"पहाटे चारला उठा" छापाच्या व्हिडिओंच्या लिंका नकोत.

वात्रट वाटाड्या

जाहिरात टाकू नकोस. फौज विकणारे पुढे तीच फौज जास्त पैसे मोजून परत घेतात. तुझ्या क्लबात चौकशी कर, एक तरी असा महाभाग सापडेल.

स्टेथोधारी

पेशाने डॉक्टर आहे, म्हणून सिगारपुरतंच बोलते.

"धूर आत घेत नाही" याने तू समजतोस तेवढी सुटका होत नाही. सिगारचा धूर सिगरेटच्या धुरापेक्षा जास्त अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. त्याला फुप्फुसापर्यंत जायची गरज पडत नाही. एका सिगरेटमध्ये साधारण एक ग्रॅमहून कमी तंबाखू असतो, मोठ्या सिगारमध्ये पाचपासून वीस ग्रॅमपर्यंत, आणि तो तासभर, कधी त्याहून जास्त वेळ जळतो. तेवढा वेळ तुम्ही सगळे एकमेकांचा धूर नाकाने घेतच असता.

आता दमाचं. जळणाऱ्या तंबाखूतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हिमोग्लोबिनची त्याच्याशी जवळीक ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट. जेवढं हिमोग्लोबिन त्यात अडकलं, तेवढं धावताना स्नायूंना ऑक्सिजन पोचवायला कमी पडलं. साध्या हवेत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार ते सहा तास जातात. म्हणजे रात्री दहाला विझवलेल्या सिगारचा काही हिशेब पहाटे पाचला बाकी असतो. तू आत ओढत नसशील तर तो लहान असेल, पण २.४ किलोमीटरमध्ये तू सेकंदांसाठीच झगडतोयस ना?

तरीही खरं सांगू का, सोमवारच्या जडपणात मोठा वाटा झोपेचा असावा. निकोटीन उत्तेजक आहे. रात्री उशिरा ते घेऊन वर एक वाजेपर्यंत ब्रश चालवायचा आणि पहाटे पायांकडून कामाची अपेक्षा करायची, हे पायांवर अन्यायाचं आहे.

तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका धूर आत न घेणाऱ्या सिगारवाल्यांनाही असतो. आठवड्याला एक म्हणजे रोज पाच ओढण्यासारखं नाही हे मान्य, पण सुरक्षित प्रमाण असं काही नाही. आणि वैद्यकीय तपासणीत तंबाखूबद्दल विचारलं तर जे आहे ते सांग.

जाता जाता, कोणी बोलत नाही म्हणून: स्प्रे प्रायमर बंद खोलीत मारू नकोस, आणि रेझिनचे भाग घासायचे असतील तर पाण्याने ओले करून, मास्क लावून घास. ती पूड फुप्फुसासाठी वाईटच.

लांब पल्ला

सोमवारी कठीण सराव ठेवतोसच कशाला? सोमवार चालण्याचा किंवा हलक्या पळण्याचा कर, जोराचं सगळं मंगळवारी. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

मध्यावर दम जातो म्हणजे सुरुवात जोरात होतेय आणि पाया कच्चा आहे. पाया संथ धावण्यानेच पक्का होतो, इतक्या संथ की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तरुण मुलांना हे अपमानास्पद वाटतं, पण दुसरा रस्ता नाही. आठवड्यातून एकदा ४०० मीटरचे तुकडे, चाचणीत हवा असलेल्या वेगाने, मध्ये थोडी विश्रांती. अंतर एकदम वाढवलंस तर नडगीचं हाड बोंबलेल आणि मग घरी बसून भरपूर रंगकाम होईल. अधूनमधून बारा मिनिटांत किती अंतर कापतोस ते मोज. अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये सैनिकांसाठीच ही चाचणी मांडली. सपाट मैदान आणि घड्याळ, बाकी काही लागत नाही.

सिगार की झोप, याचा निकाल आमच्याकडे मागू नकोस. काही आठवडे सिगार बंद ठेव, रविवारची गेम आणि जागरण तसंच चालू दे. पुढचे काही आठवडे झोप वेळेवर. वहीत वेळा लिही. दोन्ही एकदम बदललंस तर काहीच कळणार नाही.

बारीक ब्रश

रंगकामाला वेळ लागतो हे खरं, पण तो वेळ तुकड्यांत मोडता येतो. गेमचा मोडता येत नाही. दोन्हींना एका खात्यात टाकू नकोस.

रात्री मोठी बैठक मारायची सवय सोड. ओलं पॅलेट वापर, म्हणजे झाकण लावून ठेवलं की ॲक्रिलिक दुसऱ्या दिवशीही चालतं आणि अर्ध्या तासासाठी बसणंही परवडतं. एकेक सैनिक पूर्ण करू नकोस. आज दहा जणांचे कोट, उद्या पट्टे, परवा चेहरे. प्रशियन म्हणजे सगळा गडद निळा. निळाच प्रायमर मार, वर गडद वॉश म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट निळा. टेबलावर हातभर अंतरावरून बघताना कोणी बटणं मोजत नाही. वॉश वाळायला वेळ लागतोच, तो अभ्यासाला दे. वॉश मारला की पुस्तक उघडायचं हे एकदा अंगवळणी पडलं की बरं चालतं.

नवीन डबे घेणं मात्र बंद. पदवी होईपर्यंत एकही स्प्रू नाही. वेळ खरा तिथे जातो: काय घ्यावं याची चाळवाचाळव, रात्री दोनपर्यंत.

निवृत्त नकाशा

अरे, मी पोरांना प्रशिक्षण देण्यात बरीच वर्षं घालवलीत, म्हणून थोडं लांबण लावतो.

फौज विकू नकोस. प्रशिक्षण सुरू झालं की छंदाला वेळ मिळणारच नाही. बेसला चुंबक लाव, पत्र्याच्या पेटीत उभी करून ठेव, मागे राहिली तरी काही बिघडत नाही. मुलाखतीत "छंद काय" हे विचारतातच, आणि "वाचन, संगीत" ऐकून समोरच्यांचे कान किटलेले असतात. वॉरगेमिंग म्हणालास तर मात्र तयारी हवी. कुठल्या गेममध्ये काय निर्णय घेतलास, का घेतलास, काय माहिती नव्हती, राखीव तुकडी कधी सोडलीस. नियमपुस्तकातले आकडे सांगत बसलास तर वाया गेलास.

तू प्रशियन फौज रंगवतोस, तर हे तुला ठाऊक असायला हवं. १८२४ मध्ये राइसवित्झ नावाच्या प्रशियन तोफखान्यातल्या लेफ्टनंटने आपला क्रीगश्पील, म्हणजे युद्धखेळ, जनरल स्टाफचा प्रमुख म्यूफ्लिंग याला दाखवला. हा म्यूफ्लिंग म्हणजे नेपोलियनविरुद्धच्या वॉटर्लूच्या लढाईवेळी ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनकडे प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून होता तोच. त्याला खेळ पसंत पडला आणि पुढे सैन्याने तो प्रशिक्षणासाठी उचलला. नकाशा १:८०००, एक फेरी म्हणजे दोन मिनिटं, आणि मुख्य म्हणजे मध्ये पंच. खेळाडू लेखी हुकूम देणार, पंच सोंगट्या हलवणार, आणि तुमच्या माणसांना जेवढं दिसतं तेवढंच तुम्हाला सांगणार. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, लिव्हरपूलमध्ये ब्रिटिश नौदलाने जमिनीवर चौकटी आखून पाणबुड्यांच्या हल्ल्यांचे खेळ मांडले. चालवणाऱ्यांत नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. जहाजांचे कप्तान पडद्यामागून, छोट्या फटीतून बघत. जर्मन पाणबुडी व्यापारी जहाजांच्या ताफ्याच्या आत शिरून मारा करत असणार, हा अंदाज त्या खेळांतून पक्का झाला आणि त्यावर डाव बसवले गेले.

हे सांगायचं कारण: अख्खा रविवार तू टेबलापाशी उभाच राहिला पाहिजेस असं नाही. कॅम्पेनमध्ये नकाशावरचे निर्णय तू घे, हुकूम लिहून पाठव आणि तुझी फौज दुसरा कोणी हलवू दे. लेखी हुकूम थोडक्यात आणि दुसऱ्याला चुकीचा वाचता येणार नाही असा लिहिणं, हे तुला पुढे आयुष्यभर करायचंय. टेबलावर फासे टाकून ते येत नाही.

बाकी, वॉरगेमिंगने कोणी चांगला अधिकारी होत नाही. धावणं आणि माणसं सांभाळणं वेगळंच शिकावं लागतं.

सहा पडले

सगळ्यांचे आभार. इतकं काही मिळेल असं वाटलं नव्हतं.

स्टेथोधारी ताई, शारीरिक चाचणी होईपर्यंत सिगार बंद. पुढचं पुढे. खरं सांगायचं तर सोडताना सिगारपेक्षा ती बाहेरची बैठक जास्त सलतेय. गेमची सगळी चिरफाड तिथे होते, जुनी मंडळी मोकळेपणाने बोलतात तीही तिथेच. नुसतं बसायला गेलो तर कोणीतरी सिगारचं टोक कापायचा कटर पुढे करणारच.

लांब पल्ला, वही घातलीय. नकाशाकाका, लेखी हुकुमांची कल्पना भन्नाट आहे, कॅम्पेन चालवणाऱ्याशी बोलतो.

एक उपप्रश्न: ह्युमिडॉरमधल्या सिगारचं काय करू? वाटून टाकू की टिकतील?

बारीक ब्रश

आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान २१ अंशांच्या खाली राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतात. ऊन लागणार नाही अशा जागी ठेव. पाणी डिस्टिल्डच घाल, नळाचं नको, नाहीतर बुरशी. त्यापेक्षा आर्द्रता जास्त झाली तर शोषणाऱ्या आणि कमी झाली तर सोडणाऱ्या पुड्या बऱ्या, महिनोन्महिने बघावं लागत नाही. खोली तापत असेल तर तंबाखूच्या किड्यांची अंडी फुटतात, वेष्टनावर टाचणीएवढी भोकं दिसली की समजायचं. तसं झालं तर हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग बाहेर.

पण तुझ्या बाबतीत म्हणशील तर ह्युमिडॉर क्लबातल्याच कोणाकडे ठेवायला दे. खोलीत असला की रोज उघडून वास घेशील.

स्टेथोधारी

बैठकीला जा की. वाऱ्याच्या बाजूला खुर्ची घे, हातात चहाचा कप ठेव, अर्ध्या तासाने ऊठ. हात गुंतलेला असला की कटर कोण पुढे करतंय? मी वाटून टाक म्हणाले असते, पण ते तू ऐकणार नाहीस.

सहा पडले

अपडेट: ह्युमिडॉर क्लबातल्या काकांकडे गेला. त्यांनी "मोजून घे, नंतर भांडण नको" म्हणत माझ्यादेखत यादी केली. कॅम्पेनवाला तयार झालाय; महिन्यातून एक लढाई मी स्वतः खेळणार, बाकीच्या हुकुमावर. अट एकच, हुकूम पोस्टकार्डावर मावला पाहिजे आणि तो वाचून दाखवताना मला फोन करायचा नाही. जाहिरात खोडली.

वात्रट वाटाड्या

पहिला हुकूम काय लिहिलास ते तरी सांग.

सहा पडले

"पुलाजवळची टेकडी संध्याकाळपर्यंत धरून ठेव. शत्रू मागे हटला तरी पाठलाग नको. घोडेस्वार रंगवलेले नाहीत, त्यांना झाडीमागेच ठेव."