मदत हवी आहे : ‘कोरियन वाटतील’ असे निरर्थक शब्द कसे बनवावेत?

कोरियन भाषकांना निरर्थक शब्द ऐकवून ‘हा कोरियन शब्द असू शकेल का?’ असं १ ते ७ गुणांत विचारायचं आहे. यादी हंगुल (कोरियन लिपी) अक्षरं उलटसुलट जुळवून केली आहे. ‘अशक्य’ म्हणून घातलेल्या शब्दांनाही चांगले गुण मिळताहेत. काय बदलावं?

प्रतिसाद १

यादी लिखाणावरून नको, उच्चारावरून करा. हंगुलात १९ आरंभीची व्यंजनं × २१ स्वर × २८ शेवट (रिकामा धरून) = ११,१७२ अक्षरं लिहिता येतात, पण बोलताना अक्षराच्या शेवटी क, त, प, न, म, ङ, ल ही सातच व्यंजनं टिकतात. सांध्यातही बदल होतो : लिहितात ‘कुकमुल’ (रस्सा), म्हणतात ‘कुङमुल’, ‘शिनला’ (एक प्राचीन राज्य)चं ‘शिल्ला’ होतं. तुम्ही ‘क’पुढे ‘म’ घालून शब्द मुद्दाम बिघडवलात, तरी वाचणारा तो बोलता बोलता दुरुस्त करतो. ऐकणाऱ्याला बिघाड कळतच नाही! आधी हे नियम लावा, उरलेलं रूप लिहा, मग खरे शब्द गाळा. एकाक्षरी शब्द टाळा. त्यांतल्या बऱ्याच जागा चिनी मुळाच्या शब्दघटकांनी आधीच घेतल्या आहेत.

प्रतिसाद २

हे पटलं, पण खरी गोम थरांची आहे. देशी, चिनी मुळाचे आणि परके शब्द, प्रत्येकाचे नियम वेगळे. सुरुवातीला ‘र’ आला की शब्द अशक्य वाटत नाही, परका वाटतो, ‘रादिओ’सारखा. दक्षिणेत ‘नोदोङ’ (श्रम) म्हणतात, उत्तरेत ‘रोदोङ’. म्हणून भाग घेणारा कुठला आहे ते नोंदवाच. चिनी मुळाच्या अक्षराअंती ‘त’ कधीच येत नाही आणि ताणून उच्चारलेली (‘क्क’सारखी) व्यंजनं अगदी मोजक्या अक्षरांत सापडतात. गुणांसोबत ‘देशी, चिनी की परका?’ हेही विचारा, नाहीतर आकड्यांचा अर्थ लागणार नाही.

अनुकरणवाचक शब्द (आवाज, हालचाल, चमक यांची नक्कल करणारे) वेगळ्या गटात ठेवा. तिथे स्वरांची जोडी जुळावी लागते : लहानशी चमक ‘पान्च्चाक’, मोठी ‘पॉन्च्चॉक’. साध्या नामांत असं बंधन नाही. अनुकरणवाचकांतही अपवाद आहेत. सशाच्या उड्यांसाठी १९८८च्या प्रमाणभाषा-नियमांनी स्वर जुळणारं ‘क्काङछोङ’ सोडून न जुळणारं ‘क्काङछुङ’ हेच रूप धरलं.

आणि यादी देवनागरीत लिहून मराठी माणसाकडून वाचून घेऊ नका. सोलच्या तरुण पिढीत शब्दारंभी साधं आणि महाप्राण व्यंजन मुख्यतः सुराच्या उंचीवरून ओळखलं जातं. आपल्या क-खमध्ये तो सूर नसतो. ध्वनिमुद्रण सोलच्याच भाषकाकडून करून घ्या आणि नंतर सुराला हात लावू नका.