मदत हवी आहे: लिंक दोन, पण बॅकअप एकीवरूनच

नमस्कार मंडळी. ऑफिस आणि गोदामाच्या राउटरमध्ये १०० एमबीपीएसच्या दोन लिंक आहेत. दोन्हींवर ओएसपीएफ (राउटरांना आपोआप मार्ग ठरवून देणारा प्रोटोकॉल), आणि कॉस्ट, म्हणजे मार्गाचं वजन, सारखीच. राउटिंग टेबलात दोन्ही नेक्स्ट हॉप (पुढचे टप्पे) दिसतात. तरी रात्री बॅकअप सुरू झाला की पहिली लिंक ९५ वर आणि दुसरी जेमतेम ३ वर. बिलं मात्र दोन्हींची पूर्ण येतात!

माझा अंदाज: राउटर सोर्स-डेस्टिनेशन आयपीच्या हॅशवर (पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यावर) फ्लो, म्हणजे एकेक संवाद, लिंकांवर वाटतो, आणि बॅकअप चालतो दोनच सर्व्हरमध्ये. म्हणून सगळं एकाच लिंकला चिकटतं. पर-पॅकेट, म्हणजे एकेक पॅकेट आळीपाळीने दोन्ही लिंकवर, करून पाहिलं. लिंक समान भरल्या, पण एकीची लेटन्सी (पोचायला लागणारा वेळ) ४ मिलिसेकंद, दुसरीची ११. पॅकेटं मागेपुढे पोचू लागली, टीसीपीचे रीट्रान्समिट (पॅकेट पुन्हा पाठवणं) वाढले, फोनवर आवाज तुटायला लागला. अर्ध्या तासात मुकाट्याने पूर्ववत केलं.

बॅकअप ४ समांतर कनेक्शन उघडतो, म्हणून हॅशमध्ये पोर्ट नंबरही (तो प्रत्येक कनेक्शनचा वेगळा) घ्यायचा विचार आहे. पण पुढच्या महिन्यात राउटरच्या मागच्या फायरवॉलवर आयपीसेक टनेल (सगळा डेटा एन्क्रिप्ट करून नेणारा मार्ग) येतंय. मग राउटरला आतले पोर्ट दिसणारच नाहीत. अशा वेळी वेगवेगळ्या आयपीवर दोन टनेल करून प्रत्येकाला एकेक लिंक बांधून द्यावी का? कोणी हे चालवलंय का? एक लिंक पडली तर काय होतं, तेही सांगा.